नाव लिहू नये

"आजपासून या इस्पितळातून भीतीची हकालपट्टी झाली आहे!" संचालक सभागृहात गरजले. "डॉक्टर सुखी, शास्त्रज्ञ सुखी, तर रुग्ण सुखी. मनात असेल ते या सर्वेक्षणात बिनधास्त लिहा. नाव लिहू नये!"

नावाखेरीज बाकी सगळं लिहायचं होतं. विभाग, वय, स्त्री की पुरुष, नोकरीची वर्षं.

विषतज्ज्ञांनी कागद उजेडात धरून मागूनपुढून पाहिला. विषपरीक्षण विभागात साहेब, मदतनीस आणि झाडूवाला मिळून ते एकटेच होते. बावीस वर्षं दुसऱ्यांच्या पोटातलं विष शोधून त्यांचा स्वतःच्या चहावरही भरवसा उरला नव्हता. पण मुलीला बाळ होऊन पाच महिने झाले, अजून तोंड पाहिलं नव्हतं. हाताखाली एक माणूस मिळाला, तर रजा मिळेल. लिहावं तर पकडले जाणार, न लिहावं तर इथेच कुजणार.

मग त्यांनी एक जादा कागद मिळवून त्यावर लिहिलं : त्वचारोग विभाग. वय चौतीस. स्त्री. नोकरी सहा वर्षं. आणि खाली पोटातलं सगळं ओकून टाकलं. रजा नाही, झोप नाही, हात थरथरतात, मदतीला कुणी नाही. आरामातल्या विभागाची ही दशा, तर बाकीच्यांची काय असेल, असं संचालकांना वाटेल आणि सगळ्यांचीच सोय होईल, असा त्यांचा होरा. स्वतःच्या विभागाच्या कागदावर तक्रारीची जागा त्यांनी कोरीच ठेवली.

आठवड्याने समोरच्या खोलीतल्या त्वचारोगाच्या डॉक्टरबाई हसत आत आल्या.

"सर, कमालच झाली! मला पंधरा दिवस सक्तीची रजा, वर एक मदतनीस! मी तर तो कागद भरलासुद्धा नाही. ड्रॉवरमध्ये पडलाय."

"पण नाव कळणार नव्हतं ना?"

"संचालक म्हणाले, नाव पाहिलंच नाही. नुसतं ओळखलं."

विषतज्ज्ञांचा संशय शंभर टक्के खरा ठरला होता. आनंद मात्र कुठे दिसेना.

"आणि आमचा विभाग?" त्यांनी जपून विचारलं.

"एक तक्रार नाही म्हणे तुमची! फार कौतुक चाललं होतं." बाईंनी हात पुढे करून निरखला. "माझे हात थरथरतात म्हणे. थरथरतोय का हो?"

विषतज्ज्ञांनी आपले दोन्ही हात कोटाच्या खिशात घातले.

"छे," ते म्हणाले.

बाई दारापर्यंत गेल्या आणि वळल्या.

"सर, एक काम सांगू? माझ्या खिडकीत कुंडी आहे. एक दिवसाआड पाणी घालाल? तुम्ही काय, इथेच असता."