पायाचं मशीन

लाइट गेली तशी तिच्या बॅटरी बसलेल्या लॅपटॉपने मान टाकली, लेकीने भोकाड पसरलं आणि फोनवर साहेबांनी सुनावलं, "मॅडम, तुम्हाला थोडंही प्लॅनिंग जमू नये?" पलीकडच्या खोलीत आईचं शिलाई मशीन मात्र खटखटत होतं. आईने नातीला चिंध्यांच्या ढिगात बसवलं आणि पाय न थांबवता गिऱ्हाइकाच्या शर्टाला कॉलर जोडत म्हणाली, "तुझ्या साहेबाला म्हणावं, एक पायाचं मशीन घ्या. म्हणजे असं तोंड चालवावं लागत नाही."

दुसऱ्या दिवशी सकाळी आई उठलीच नाही.

काका भेटायला आले तेही आईनेच शिवलेला सदरा घालून. खुर्चीत ऐसपैस टेकत त्यांनी उसासा सोडला. "वहिनींनी सुखात दिवस काढले हो. ना नोकरी, ना दगदग. जन्मभर आपल्या घरी बसून होत्या."

आई काय करते असं कुणी विचारलं, की आजवर तीही 'घरीच असते' एवढंच सांगायची.



"बसून नव्हती, काका. आई घरून काम करत होती."