आजीचा लग्नातला सुरा

अर्गोसच्या राजवाड्यात मेलितेचं लग्न होतं. नवऱ्याच्या खोलीत जाण्याआधी नवरीने बिहीचं फळ खायचं, असा तिथला रिवाज. ते फळ तिची आजी, म्हातारी राणी हिपर्म्नेस्त्रा, चिरत बसली होती. मेलिते रडकुंडीला आली होती.

"आजी, त्याला मी धड पाहिलंही नाही गं. कसा निघेल कुणास ठाऊक."

"मी तरी कुठे पाहिलं होतं तुझ्या आजोबांना? वडिलांचं व्याह्यांशी हाडवैर. आम्हा पन्नास बहिणींना त्यांनी लग्नात एकेक सुरा दिला आणि सांगितलं, रात्री नवरा झोपला की गळा चिरा. बाकीच्यांनी ऐकलं. माझा मात्र हातच उठला नाही. आता हे घोरायला लागले की वाटतं, ऐकलं असतं तर बरं झालं असतं."

"मग तो सुरा?"

"हाच की."

फोड मेलितेच्या घशातच अडकली. पलीकडे पेंगणाऱ्या आजोबांकडे पाहत तिने हळूच विचारलं, "तो अजून घरात आहे, हे आजोबांना माहीत आहे?"

आजोबा डोळे न उघडताच म्हणाले,

"मग इतकी वर्षं त्याला धार कोण लावून देतंय?"