त्यांचंच तेल

बाबा जहाजाच्या इंजिनाला तेल घालायचे. सुवा बंदराहून येताना गाऊ बेटापाशी जहाज बुडालं, त्यात तेही गेले. त्या जागी रोज सकाळी तेलाचा तवंग वर यायचा आणि आई छोट्या होडीतून जाऊन तिथे चाफ्याची माळ सोडायची.

गेल्या वर्षी बुडी मारणाऱ्या कामगारांनी जहाजातलं सगळं तेल उपसून नेलं. तेव्हापासून आईच्या आधी मी गुपचूप जातो आणि माझ्या बोटीचं इंजिन ऑइल तिथे ओततो.

आज माझं इंजिन सुरूच होईना. वल्हवत पोचलो, तर आई माळ सोडून बसलेली आणि समोर तवंग चमकत होता. भरलेला डबा मी पायाने फळीखाली सरकवला.

"लपवू नकोस, वेरेमो," आई म्हणाली. "तुझं तेल ओळखते मी. लाटांत घुसळलं की दुधासारखं पांढरं होतं. असलं तेल तुझे बाबा बाटलीत पाण्याबरोबर हलवून बघायचे आणि दुकानदाराला परत करायचे."

तिने पाण्याकडे बोट दाखवलं.

"आज बघ, पाण्यापासून कसं स्वच्छ वेगळं राहिलंय. आज त्यांनीच ओतलंय."