शिकवणीची गाडी

"पोरीला काही झालेलं नाही," ड्रायव्हिंग मास्तर तिसऱ्यांदा घड्याळ बघत म्हणाला.

त्याच्या बायकोने त्याची बाही धरून ठेवली. वर्षभर विनवण्या करून तिने या माणसाला डॉक्टरबाईंच्या खोलीपर्यंत आणलं होतं. उपचार सुरू करायला दोघांच्याही सह्या हव्या होत्या. हा मध्येच उठून गेला, की संपलंच सगळं. लेक पाच वर्षांची झाली, आता आणखी किती थांबायचं?

लेक खिडकीशी गिरक्या घेत होती. म्हणून तर घरात तिला भिंगरी म्हणायचे.

"ह्याला स्टिमिंग म्हणतात," डॉक्टरबाई म्हणाल्या. "जीव घाबरला की मुलं अशी स्वतःला शांत करतात, त्यांना अडवू नका. आणि ऐकलेलं बोलणं त्याच चालीत जसंच्या तसं म्हणणं, कधी कधी तर खूप दिवसांनी, त्याला एकोलालिया म्हणतात. स्वमग्न मुलांमध्ये हे बरेचदा दिसतं."

"पोपटपंची म्हणा की सरळ," मास्तर म्हणाला. "एवढं भारी नाव कशाला?"

बायकोला मेल्याहून मेल्यासारखं झालं. दगडाला पाझर फुटेल एक वेळ, पण ह्याला नाही. रोज सकाळी लेकीला शिकवणीच्या गाडीतून तासभर फिरवून आणलं, की झालं ह्याचं बापपण. तपासणीचा विषय काढला रे काढला, की हा चावी उचलून चालू लागायचा.

डॉक्टरबाईंनी भिंगरीला समोर बसवलं. "किती वर्षांची आहेस तू?"

"मी पाच वर्षांची आहे." भिंगरीने चक्क त्यांच्या डोळ्यांत बघितलं. आई बघतच राहिली. हे कधी जमायला लागलं हिला? मास्तर मात्र पुढे सरकून बसला होता. त्याचे ओठ हलत होते.

"वा. आज कुणाबरोबर आलीस?"

"मला लाल रंग आवडतो."

मास्तरने मान खाली घातली. डॉक्टरबाईंनी हातातलं पेन बाजूला ठेवलं.

"हे कुणी शिकवलं गं तुला?" त्यांनी हळूच विचारलं.

भिंगरी खुर्चीतच झुलायला लागली. मग बोलली, ती हुबेहूब बापाच्या चालीत.

"डोळ्यांत बघ. हात खाली. परत पहिल्यापासून. बाबा रडत नाहीये, डोळ्यात कचरा गेलाय. तू दोन वर्षांची होतीस ना, तेव्हापासून बाबाला सगळं माहितीये, भिंगरे. फक्त आईला कळू द्यायचं नाही. ती मोडून पडेल."