तळाची फळी

चर्चच्या पायरीवर शवपेटीचा तळ सुटला आणि आतले गृहस्थ खांदेकऱ्यांच्या आधी खाली पोचले. पाळकसाहेबांनी डोळे मिटले, मंडळीने माना वळवल्या आणि असं काही घडलंच नाही, यावर सगळ्यांचं न बोलता एकमत झालं. आपणही तसंच धरून चालू.

तर आदल्या दिवशी शवपेट्यांच्या दुकानात मालकाचा जावई फरशीवर उकिडवा बसला होता. समोर गिरणीमालकाच्या वडिलांसाठी केलेली पेटी होती. पेटीत सासरा निजला होता.

यात घाबरण्यासारखं काही नव्हतं. सासऱ्याची पद्धतच तशी होती. पेटी दुकानाबाहेर पडण्याआधी ती फरशीवर ठेवायची, बूट काढून आत निजायचं, झाकण लावून घ्यायचं आणि प्रभूची प्रार्थना म्हणायची. आमेन झालं की आतून टकटक. मग जावयाने झाकण उचलायचं. जिथे आपल्याला निजवणार नाही तिथे दुसऱ्याच्या बापाला निजवायचं नाही, असं तो गिऱ्हाइकांना सांगे आणि गिऱ्हाइकं डोळे पुसून भाव न करता पैसे देत.

अख्खी मंडळी त्याला ‘सागवान’ म्हणायची. माणसात भेसळ म्हणून नव्हती. उपासनेनंतर तो धंद्यातल्या सचोटीवर बोले तेव्हा वाणी आणि शिंपी खाली बघत. प्रत्येक अंत्यविधीला तो स्वतः हजर राही, पेटीखालून जाड कापडी पट्टे घेई आणि कबरीपर्यंत बाजूने चाले. पट्ट्यांचे पैसे लावत नसे. एवढंच काय, तळाच्या लाकडावरून वाजलं तेव्हा त्याने सख्ख्या भावाला दुकानाबाहेर काढलं होतं.

जावयाला तो भाऊच आठवत होता. घर सासऱ्याचं, दुकान सासऱ्याचं, बायकोही मुळात सासऱ्याचीच मुलगी. भावाला एक दार दाखवलं होतं, याला तिन्ही दाखवली असती.

इतकी वर्षं जावई बाजू आणि झाकणं करी. तळ मात्र सासरा स्वतः बसवायचा, तेही दार लावून. या खेपेला हात दुखतात म्हणून त्याने पहिल्यांदाच सागाच्या फळीचे पैसे जावयाच्या हातावर ठेवले होते. जावयाने खोक्याच्या लाकडाची पातळ फळी डिंकाने बसवली, कडेला सागाची पट्टी मारली, वरून पांढरं कापड ताणलं आणि उरलेल्या पैशांत भर घालून बायकोला दोन दारांचा फ्रिज आणला. ही युक्ती जगात आपल्यालाच सुचली, याचा त्याला थोडा अभिमानही होता.

आतून आमेन ऐकू आलं. टकटक आली नाही.

जावई थांबला. कळलं याला, त्याच्या मनात आलं. आता आत पडल्या पडल्या माझ्यासाठी प्रार्थना करतोय. आणि ती लांबलचक दिसतेय.

“मामा,” तो झाकणाशी तोंड नेऊन म्हणाला, “खालची फळी सागाची नाही.”

त्याने झाकणाला कान लावला.

“फ्रिज तुमच्या मुलीने मागितला नव्हता. मीच आणला. उद्या परत करतो. पण भावाला काढलंत तसं मला काढू नका. आणि बोला काहीतरी. शिव्या द्या हवं तर.”

सासऱ्याने आयुष्यात शिवी दिली नव्हती आणि तेव्हाही दिली नाही. शेवटी जावयाने झाकण उचललं. सासरा हाताची घडी घालून, समाधानाने, कायमचा निजला होता.

पुढचं सगळं जावयाने शहाण्यासारखं केलं. सासऱ्याला घरी नेलं. फ्रिज दुकानदाराला परत केला. बायको रडत होतीच, त्यात ते खपून गेलं. गिरणीमालकाच्या पेटीचा तळ उचकटून अस्सल साग ठोकला आणि ती वेळेत पोचवली. जन्मात पहिल्यांदा त्याला हलकं वाटलं.

सासूबाईंनी सांगितलं, हे त्यांच्याच पेटीत जातील. ती पेटी सासऱ्याने तरुणपणी स्वतःच्या हाताने केली होती आणि दुकानाच्या दर्शनी काचेत नमुना म्हणून ठेवली होती. आपला बनवाबनवीचा तळ मामांच्या वाट्याला आला नाही, म्हणून जावयाने देवाचे आभार मानले.

दुसऱ्या दिवशी सहा जणांनी पेटी खांद्यावर घेतली. पट्टे दुकानात खिळ्याला तसेच राहिले. ते आजवर सागवानानेच लावले होते, त्यामुळे कुणाच्या लक्षात आलं नाही. मिरवत मिरवत सगळे चर्चच्या पायरीपर्यंत आले. तिथे काय घडलं नाही, ते आधी सांगितलंच आहे.

माती देऊन झाल्यावर कुंपणापाशी एक म्हातारा उभा दिसला. बाहेर काढलेला तो भाऊ. जावयाच्या हातात पायरीवर सुटलेल्या पातळ फळीचा तुकडा होता. कडेला सागाची पट्टी. म्हाताऱ्याने तो उलटासुलटा करून पाहिला, वास घेतला आणि परत दिला.

“मी त्याला तेव्हाच म्हटलं होतं,” तो म्हणाला, “फरशीवर ठेवून काय बघतोस, उचलून बघ.”

त्या आठवड्यात दुकानाच्या काचेत, नमुन्याच्या रिकाम्या जागी, जावयाने सुवाच्य अक्षरात सूचना लावली:

‘या दुकानातून आजवर नेलेल्या सर्व शवपेट्यांचे तळ विनामूल्य बदलून देण्यात येतील. तरी संबंधितांनी पेटीसह, कामकाजाच्या वेळेत, समक्ष उपस्थित राहावे, ही नम्र विनंती.’