पाण्याची वाट

महामार्गालगतचा डोंगर ढासळू नये म्हणून बांधलेल्या भिंतीत मुद्दाम ठेवलेल्या भोकांतून गढूळ पाणी झिरपत होतं. “मामा, उद्या मोठे साहेब येतायत. ताज्या रंगावर हे ओघळ कसले? बुजवा भोकं,” तरुण इंजिनिअर म्हणाला. “साहेब, डोंगराच्या पोटातलं पाणी कोंडलं, तर भिंतच ढकलून देईल,” म्हातारे गवंडीमामा समजावू लागले. “मला शिकवू नका. जमत नसेल तर घरी बसा.” मामांनी सिमेंट कालवलं. पहिल्या भोकाशी वाकून ते म्हणाले, “तेवढी तुमची नवी गाडी भिंतीखालून हलवा हो.” इंजिनिअर हसला, पण गाडी शंभर पावलं दूर लावून आला. मामा थापी हातात धरून त्याच्याकडेच बघत होते. तेवढ्यात माणसांनी भरलेली बस भिंतीखालून गेली. “राहू द्या, मामा,” तो पुटपुटला. मामांनी कालवलेलं सिमेंट रस्त्यातल्या एका खड्ड्यात ओतलं.