दोनशे चौदा किलोमीटर

मेकॅनिकने बॉनेट उघडलं आणि टर्नरने डोळे मिटून घेतले.

"अहो, तुमचा दात उपटत नाहीयेत ते," गॅरेजच्या दारातून त्याची बायको म्हणाली.

दातांचे डॉक्टर खळखळून हसले. गाडी घ्यायला आले होते ते, आणि तपासायला आपला नेहमीचा मेकॅनिक घेऊन आले होते.

टर्नरला मात्र हसू आलं नाही. कारखान्यात टर्नर म्हणून लेथवर जन्म घालवलेल्या या माणसाने ही गाडी सव्वीस वर्षांपूर्वी घेतली, ती चालवायला नव्हे. त्याला चालवताच येत नव्हती. कंपनी ते मॉडेल बंद करणार अशी कुणकुण त्याच्या कानावर आली होती. गाडी घ्यायची, चाक हलू द्यायचं नाही आणि पुढे सोन्याच्या भावाने विकायची, असा साधा सरळ बेत. शोरूमच्या माणसाने ती गॅरेजमध्ये लावली, तेव्हा मीटरवर दोनशे चौदा किलोमीटर होते. दर रविवारी टर्नर खोळ काढायचा, गाडी पुसायचा, मीटर बघायचा. आकडा तसूभर हलला नव्हता. एक किल्ली त्याच्या कपाटात कुलपात असे. दुसरी पहिल्याच वर्षी हरवली. तेव्हा बायकोने त्याच्या बरोबरीने दोन दिवस सगळं घर पालथं घातलं होतं.

खरं सांगायचं तर त्याला पैशांची फारशी फिकीर नव्हती. काळजी होती ती बायकोची. तिची शाळा गावाच्या दुसऱ्या टोकाला. दोन बस बदलून जायचं, दोन बदलून यायचं. दारात कोरी गाडी असताना त्याने तिला सव्वीस वर्षं बसच्या रांगेत उभं केलं होतं, आणि तिने कधी चकार शब्द काढला नाही. कारखान्याच्या बसने तो सहाला घरी पोचायचा, तेव्हा ही आधीच येऊन चहाचं आधण ठेवून बसलेली असायची. बाई सोशिक, असं तो चारचौघांत अभिमानाने सांगायचा. यंदा दोघेही निवृत्त झाले आणि मागच्याच महिन्यात कोणीतरी त्याला ऐकवलं, की उभी गाडी आतून सडते, नुसत्या मीटरच्या आकड्याला कोणी विचारत नाही. तेव्हापासून त्याला अन्न गोड लागत नव्हतं. तसं असेल तर बायकोचे सगळे हाल फुकट गेले होते, आणि ते तिला कोणत्या तोंडाने सांगायचं?

"डॉक्टर, आधीच सांगून ठेवतो," मेकॅनिक म्हणाला. "न वापरलेल्या गाड्यांचं फार कौतुक असतं, भावही तसेच सांगतात. पण रबर तडकलेलं असतं, टाकी गंजलेली, ब्रेक जाम. त्या बघायच्या गाड्या असतात. चालवायची असेल तर अर्धी किंमतही देऊ नका."

"मला चालवायचीच आहे," डॉक्टर म्हणाले. "मीटर काय भिंतीवर टांगायचाय?"

टर्नरने खिशातलं फडकं काढून पुसलेलाच आरसा पुन्हा पुसला.

मेकॅनिक गाडीखाली शिरला. बराच वेळ नुसती खुडबुड ऐकू येत होती. मग तो बाहेर आला, टायर दाबून पाहिले, वाकून डॅशबोर्डखाली हात घातला.

"मीटरची केबल सुटलेली दिसतेय."

"शोरूममधूनच तशी आली असेल," टर्नर घाईने म्हणाला. "मी तर कशाला हात लावला नाही."

मेकॅनिकने एकदा त्याच्याकडे पाहिलं, एकदा बायकोकडे. बायको पाहुण्यांसाठी आणलेल्या फराळाच्या बशीवरची माशी हाकलत होती.

"किल्ली द्या," तो म्हणाला.

गाडी पहिल्या झटक्याला सुरू झाली. ना खोकला, ना धूर. मेकॅनिक मान तिरकी करून ऐकत राहिला. नंतर डॉक्टरांना कोपऱ्यात घेऊन हळू आवाजात बराच वेळ काहीतरी सांगत होता. डॉक्टरांच्या भुवया वर गेल्या, मग ते मनापासून हसले.

"सांगितलेली किंमत मान्य," परत येऊन ते म्हणाले. "आकड्यासाठी नाही हं. हा म्हणतो, गाडी जिवंत आहे. असं सांभाळणारं माणूस मिळत नाही."

टर्नरचा जीव भांड्यात पडला. त्याने भिंतीला टेकून मोठा श्वास सोडला, डोळे पुसले आणि लाजही वाटून घेतली नाही. सव्वीस वर्षांची रांग वाया गेली नव्हती. मग त्याने कागदांवर सह्या केल्या.

"दर रविवारी पुसायचो," तो तिसऱ्यांदा म्हणाला. "बघितलंस ना गं? तू सोसलंस त्याचं चीज झालं."

"झालं बाई," बायको म्हणाली. तिलाही हायसं वाटलेलं दिसत होतं.

आता गाडी बाहेर काढायची होती. गॅरेजसमोरची गल्ली जेमतेम गाडीएवढी, आणि वळणावरच विजेचा खांब. डॉक्टरांनी दोनदा प्रयत्न केला आणि घाम पुसत उतरले. मेकॅनिकने तिसऱ्यांदा केला. खांबापासून बोटभर अंतरावर गाडी थांबली, तसा टर्नर जोरात ओरडला. मेकॅनिक पुन्हा गाडी आत घेऊन उतरला.

"इथून गाडी निघणंच शक्य नाही," टर्नर कपाळाला हात लावून म्हणाला. "भिंत पाडावी लागणार."

बायकोने हातातली बशी त्याच्याकडे दिली, चष्मा नीट केला आणि गाडीत जाऊन बसली. उजवा हात स्टिअरिंगवर, डावा शेजारच्या सीटच्या पाठीवर. मागे एकदाच पाहून तिने गाडी उलटी घेतली, खांबाला वळसा घातला आणि एका दमात रस्त्यावर नेऊन उभी केली. मग काच खाली करून ती म्हणाली,

"दुसरा गिअर पहिल्यापासूनच जरा अडतो, डॉक्टर. पावसाळ्यात तर फारच. हलक्या हाताने टाका."